दम लागतो, तो आळस नव्हे

विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही काही कार्यकर्ते संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करायची आणि संध्याकाळी मुलांना त्रैराशिक शिकवायचे, असा आमचा क्रम. दोन वर्षांपूर्वी तेथे सहावीतला एक मुलगा येत असे. गणितात हुशार. पण आठवड्यातून दोन दिवस तरी गैरहजर. आला तरी पेंगत बसायचा. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे एका सत्रात ३७ दिवस भरले नव्हते. बाईंनी प्रगतिपुस्तकावर शेरा मारला होता : 'आळशी आहे. पालकांनी लक्ष द्यावे.'

लक्ष द्यायला आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील कंत्राटी सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. खोली दहा बाय दहाची. आई म्हणाली, "भाऊ, रात्रीचा झोपतच नाही तो. दोन-तीन वाजता खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर सुरू होते. भिंतीला टेकवून बसवते आणि पाठ चोळत राहते. उजाडता उजाडता डोळा लागतो. तेव्हा शाळेला उठवायला मन होत नाही."

म्हणजे मुलगा आळशी नव्हता. तो रात्रभर श्वासासाठी मजुरी करत होता.

डॉक्टरांनी दम्याचे निदान केले होते आणि पंपही दिला होता. तो फळीवर, डब्यांच्या मागे ठेवला होता. आम्ही काय सांगावे? आम्ही म्हणालो, "ताई, लहान वयात पंपाची सवय लावू नका. पंप म्हणजे शेवटचा उपाय. गोळ्यांवर भागतंय तोवर भागवा." आम्ही बी. कॉम. झालेले, चार सभांत बोलणारे. त्या माउलीने आमचा शब्द प्रमाण मानला.

पुढे श्रावणातल्या एका रात्री दोन वाजता दार वाजले. मुलाच्या तोंडून पूर्ण वाक्य निघत नव्हते. मान ताणून, खांदे उचलून तो श्वास ओढत होता. बरगड्यांमधली कातडी आत जात होती. रिक्षात घालून इस्पितळ गाठले. प्राणवायू लावला, मशीनची वाफ दिली, इंजेक्शन दिले. पहाटे पोराच्या ओठांवर रंग आला. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून विचारले, "याला पंप लिहून दिला होता ना? मग का दिला नाही?"

आई काही बोलली नाही. तिने फक्त आमच्याकडे पाहिले.

हा लेख त्या नजरेला उत्तर म्हणून लिहीत आहोत. नंतरच्या काळात आम्ही डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजून घेतले, ते आपल्या घराघरांत पोहोचावे एवढाच हेतू आहे.

दमा म्हणजे नेमके काय?

आपण नाकाने घेतलेली हवा श्वासनलिकेतून फुप्फुसात जाते. या नळीला झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटत फुटत अगदी बारीक नळ्या होतात. दमा असलेल्या माणसाच्या या नळ्या आतून कायम थोड्या सुजलेल्या आणि नाजूक असतात. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी-पडसे, ओल, असे काही निमित्त झाले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतली सूज वाढते, चिकट कफ साचतो. वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना शिटी वाजावी तसा आवाज येतो. त्यालाच आपण घरघर म्हणतो.

त्रास प्रामुख्याने रात्री आणि पहाटे होतो. दिवसा तोच मुलगा खेळताना दिसतो. म्हणून शेजाऱ्यांना वाटते, नाटक करतो. अनेक मुलांत घरघर ऐकूच येत नाही, नुसता कोरडा खोकला येतो. पण दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर क्षयाचीही तपासणी करून घ्यावी. आपल्या दाट वस्त्यांत क्षय अजून आहे. दमा समजून क्षय अंगावर काढणे आणि क्षयाच्या भीतीने दमा लपवणे, दोन्ही घातकच.

दमा संसर्गजन्य नाही. एकाच्या ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने तो होत नाही. आईबापाला असेल तर मुलाला होण्याचा संभव वाढतो, पण होईलच असे नाही. कोणाची करणी नाही, मागल्या जन्मीचे पाप तर मुळीच नाही.

किती जणांना आहे?

आम्ही कारकुनी करणारी माणसे. आकडा मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या एका वर्षात ४ लाख ५५ हजार माणसे त्याने दगावली. लहान मुलांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत सर्वांत जास्त आढळणारा आजार हाच.

त्याच वर्षाच्या जागतिक पाहणीत भारताचे रुग्ण सुमारे ३ कोटी ४३ लाख धरले आहेत. जगातल्या १०० दमेकऱ्यांपैकी साधारण १३ भारतात. पण मृत्यू पाहिले, तर १०० पैकी ४० हून अधिक भारतात. हा हिशेब दोनदा वाचावा. रुग्ण तेरा आणि मृत्यू चाळीसवर! आपल्याकडचा दमा काही वेगळा किंवा जहाल नाही. आजार तोच, औषधही तेच. फरक आहे तो निदान न होण्याचा, औषध न परवडण्याचा, आणि घरात असलेले औषध डब्यांमागे ठेवण्याचा.

मुले आणि मोठी माणसे

लहानपणी दमा मुलींपेक्षा मुलांत अधिक दिसतो. वयात आल्यावर चित्र उलटते आणि बायकांत तो अधिक आढळतो. बऱ्याच मुलांचा त्रास मोठेपणी कमी होतो, काहींचा पुन्हा उलटतो. 'मोठा झाला की आपोआप जाईल' म्हणून उपचार थांबवणे म्हणजे मुलाची शाळेची वर्षे जुगारावर लावणे होय. शिक्षणावाचून आपल्याला दुसरी इस्टेट नाही. जे पोर रात्र जागून काढते, ते सकाळी वर्गात काय ऐकणार? पावसाळ्यात आणि हिवाळ्यात दिवस बुडतात, मग चाचणी परीक्षा बुडते, मग पोराचे मनच शाळेतून उडते.

मोठ्या माणसाचा दमा घराच्या चुलीवर येतो. रोजंदारीवरच्या माणसाने रात्र बसून काढली, तर सकाळी नाक्यावर उभे राहता येत नाही. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पैसा नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्याचा खर्च. मूल आजारी पडले तरी आईचा खाडा होतोच. चार घरच्या बाया दोन खाडे सोसतात, तिसऱ्याला दुसरी बाई ठेवतात.

तरुण मुलींचे दुःख आणखी निराळे. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलीला पाहायला पाहुणे येणार म्हणून तिचा पंप कपाटात लपवला. चहाचा ट्रे घेऊन ती आली तेव्हा तिला धाप लागली होती. सगळे म्हणाले, लाजली! लग्न झाल्यावर ती सासरी न्हाणीघरात जाऊन चोरून पंप घेत असे. चष्मा लावलेला चालतो आणि पंप घेतलेला चालत नाही, हे कुठले शहाणपण? इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ ही धावपटू वयाच्या चौदाव्या वर्षापासून दमेकरी. तिने २००३ साली लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत पुरी केली. तो स्त्रियांचा विश्वविक्रम २०१९ पर्यंत कोणी मोडू शकले नाही. नीट उपचार घेणारा दमेकरी धावू शकतो, पोहू शकतो, संसार तर करतोच करतो.

धूळ कोणाच्या वाट्याला येते?

आमचे वडील गिरणीत होते. सोमवारी पाळीवरून आले की म्हणायचे, छाती आवळल्यासारखी होते. कापसाच्या धुळीने होणारा हा रोग दम्याचा सख्खा नसला तरी चुलतभाऊ. त्याला 'बिसिनोसिस' म्हणतात, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही त्याची खूणच. विणकाम खात्यात आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. कारण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. पगार विणकामात जास्त, आपली माणसे मात्र कताईच्या खात्यांत. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. कोणाच्या नाकात कोणती धूळ जावी, हेही या देशात जातीने ठरवले होते.

गिरण्या गेल्या, धूळ गेली नाही. आज आपली माणसे रस्ते झाडतात, कचऱ्याच्या गाड्या भरतात, सिमेंटची पोती वाहतात, बेकरीत पीठ मळतात, गॅरेजमध्ये रंगाचा फवारा मारतात. पिठाची धूळ आणि फवाऱ्याच्या रंगातली काही रसायने यांनी दमा होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा गोवंडी-मानखुर्दकडच्या वस्त्या धुरात गुदमरल्या आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. माहुल आणि आंबापाडा येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली म्हटले. तरीही शहरातल्या झोपड्या पाडून माणसे माहुललाच नेली गेली. त्या माणसांनी आंदोलन केले, न्यायालयात दाद मागितली, आणि २०१९ साली उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी भाडे देण्याचा आदेश दिला.

हवेचे कोण काय करणार, असे म्हणू नये. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या विचित्र साथी आल्या. एखाद्या दिवशी अचानक अनेक माणसे धापा टाकत इस्पितळात येत. असे २६ दिवस नोंदले गेले. शोध घेता कळले की ज्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवले जाते, त्याच दिवशी साथ येते. धान्यकोठाराला धूळ गाळणारी यंत्रणा बसवली आणि साथी थांबल्या. माणसे तीच, त्यांची फुप्फुसे तीच. फक्त कोठारावर गाळणी बसली.

आपल्या घरातले शत्रू

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या घरातही पाहिले पाहिजे. चुलीचा धूर हा मोठा शत्रू. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, गॅस घरोघर आला. पण टाकी संपल्यावर भरायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते, आणि चुलीपुढे बाई व तिच्या मांडीवर मूल असते. घरात विडी-सिगारेट ओढणारा बाप आपल्या पोराच्या छातीत धूर भरतो. पावसाळ्यात भिंतीला येणारी बुरशी, गाद्या-गोधड्यांतले डोळ्यांना न दिसणारे किडे, डासांची कॉइल, हे सगळे निमित्त होऊ शकते. झुरळेसुद्धा! अमेरिकेत शहरांतल्या गरीब वस्त्यांतील दमेकरी मुलांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. ज्या मुलांना झुरळांचे वावडे होते आणि ज्यांच्या घरात झुरळेही फार होती, त्यांनाच इस्पितळात अधिक वेळा भरती करावे लागले होते. तिकडेही गरिबाची खोली आणि गरिबाचेच पोर.

आणि हो, वंदनेच्या वेळी बंद खोलीत पेटवलेल्या उदबत्त्यांचा जुडगाही. आम्ही आता विहारात फुले आणि एक मेणबत्ती ठेवतो, खिडक्या उघड्या ठेवतो. श्रद्धेत काही उणे पडलेले नाही.

गोधड्या आठवड्याला कडक उन्हात घालाव्यात. जमीन झाडण्याआधी पाण्याचा हात मारावा किंवा ओल्या फडक्याने पुसावी. उष्टे-खरकटे रात्री उघडे ठेवू नये. याला खर्च नाही.

पंपाचा हिशेब

आता आमच्या चुकीकडे येतो. 'पंप जड, गोळी हलकी' असे आपण समजतो. हिशेब नेमका उलटा आहे. श्वास मोकळा करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची मिळते. त्याच औषधाच्या पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा असतो. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. तेव्हा एक गोळी म्हणजे ४० फवाऱ्यांइतके औषध! गोळी पोटातून रक्तात आणि सगळ्या अंगात फिरते. म्हणून छाती धडधडते, हात कापतात. फवारा थेट छातीत, जिथे हवा तिथे पोहोचतो, आणि काही मिनिटांत आराम देतो.

पंप दोन प्रकारचे. एक आरामाचा, म्हणजे धाप लागली की घ्यायचा. दुसरा बचावाचा. त्यात अगदी थोड्या मात्रेत स्टिरॉइड असते आणि ते नळ्यांची सूज कमी ठेवते. हा बचावाचा पंप बरे वाटत असतानाही डॉक्टर सांगतील तसा घ्यायचा असतो. आपली चूक अशी की आराम देणारा पंप जवळचा वाटतो आणि बचावाचा पंप 'आता बरे आहे' म्हणून बंद होतो. घर गळते ते पावसात, पण कौले उन्हाळ्यात शाकारावी लागतात. दम्याच्या उपचारांची जागतिक दिशा ठरवणाऱ्या 'जिना' या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या आरामाच्या पंपावर विसंबून राहू नये. पंपाची दारूसारखी सवय लागत नाही. औषध बंद केल्यावर त्रास परत येतो, तो आजार आत असतो म्हणून.

पंप घेण्याचीही रीत आहे. आधी हलवावा, श्वास बाहेर सोडावा, ओठांत धरून दाबतानाच सावकाश श्वास आत ओढावा आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखावा. लहान मुलांना हे जमत नाही. त्यांच्यासाठी स्पेसर नावाची पोकळ नळी मिळते. तिच्या एका टोकाला पंप लावायचा, दुसऱ्या टोकाने मुलाने श्वास घ्यायचा. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा नीट बनवलेला स्पेसरही विकतच्या स्पेसरइतकेच काम देतो. असा स्पेसर डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी.

पूर्ण वाक्य बोलता येत नाही, ओठ-नखे निळसर पडली, बरगड्यांमध्ये खड्डे पडू लागले, आरामाचा पंप घेऊनही उतार नाही, अशी लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. रुग्णाला आडवे झोपवू नये, बसते ठेवावे, पंप देत देत थेट इस्पितळ गाठावे.

साल्ब्युटामॉल आणि स्टिरॉइडचे पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. तेथे पंप मागावा. 'शिल्लक नाही' असे उत्तर आले, तर चार जणांनी मिळून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागद फायलीत राहतो. हे आम्ही कारकून अनुभवाने सांगतो.

मासा आणि खीर

मृग नक्षत्र लागले की हैदराबादला जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो मासा रुग्णाला गिळायला देतात. आपल्याकडूनही माणसे उधार पैसे काढून जातात. आपल्याकडे कोजागिरीच्या रात्री दम्याची खीर वाटतात. यांनी दमा बरा होतो असे कोणी सिद्ध केलेले नाही. दमा स्वभावतःच कधी वाढतो, कधी ओसरतो. ओसरला की श्रेय माशाला, वाढला की दोष नशिबाला! गर्दीच्या रात्री लेकरांना घेऊन तिष्ठत बसण्यापेक्षा तेच पैसे बचावाच्या पंपाला लावावेत. आपण चिकित्सा करून स्वीकारणारी माणसे आहोत. औषधाच्या बाबतीतही तसेच वागू.

त्या मुलाचे पुढे काय झाले? त्याच्या आईने आमचे ऐकणे सोडून डॉक्टरीणबाईंचे ऐकले. रोज सकाळ-संध्याकाळ बचावाचा पंप, नंतर चूळ. पुढच्या सत्रात त्याचे चार दिवस बुडाले. प्रगतिपुस्तकावरचा तो शेरा बाईंनी स्वतःच्या हाताने खोडला. आम्ही तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "जाऊ द्या भाऊ. आता दुसऱ्या कोणाला तसं सांगू नका, म्हणजे झालं."

जयंतीच्या तयारीची बैठक होती. त्या पोराने आम्हाला हळूच विचारले, "सर, मिरवणुकीत मी येऊ? फटाक्यांच्या धुराने मला दम लागतो." बैठकीत आम्ही तो प्रश्न मांडला. पोरांनी कुरकुर केली, बराच वाद झाला. अखेर ठरले की आमच्या गल्लीत फटाके नाहीत, लेझीम आणि ढोल पुरेत. उरलेल्या वर्गणीतून अभ्यासिकेत दोन स्पेसर आणून ठेवले.

मिरवणुकीत तो पंचशील ध्वज धरून पुढे चालला होता. त्याच्या खिशात पंप होता. चौकात थांबून त्याने सगळ्यांदेखत तो काढला, घेतला, दहा आकडे मोजले आणि पुन्हा चालू लागला. कोणी वळूनही पाहिले नाही.